पापलेटचं बाळंतपण

मझल आंटींची आणि माझी ओळख झाली ती मी माझ्या मुलीला, पूर्वीला, रागवत असताना. आम्हाला लीड्सला येऊन तीन महिने झाले होते. पूर्वी तेव्हा पाच वर्षांची होती. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरीला तिने चिखलाचे हात पुसले, आणि इथे आजूबाजूला कुणाला मराठी कळणार, या खात्रीने मी तोंड सोडलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "पोरीला ओरड, पण तिच्या बापाच्या घराण्यापर्यंत कशाला जातेस? ते बिचारे इथं नाहीत."

पलीकडे एक ठेंगणी, गोरी बाई उभी होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगात राखाडी कार्डिगन, हातात कपड्यांचे चिमटे. तीन महिने मी तिला पोर्तुगीज समजत होते आणि 'लव्हली डे'च्या पुढे कधी गेले नव्हते.

"तुम्ही मराठी आहात?"

"मी नागावकर. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. जन्म भायखळ्याचा. आणि तू नागपूरकडची, हे तू आत्ताच सगळ्या गल्लीला सांगितलंस."

मझल आंटी त्रेसष्ट साली नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा, झकेरिया, लीड्सच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कटर होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकच मुलगा, अव्हिएल, लंडनला. तो दर रविवारी अकरा वाजता फोन करायचा आणि आंटी पावणेअकरापासून फोनजवळ बसून 'मी काही वाट बघत नाही' म्हणायच्या. त्यांनी स्वतः सत्तावीस वर्षं एका प्रसूती रुग्णालयात नोकरी केली होती. मी माझ्या नवऱ्याला, प्रणवला, सांगितलं की शेजारच्या आंटी रिटायर्ड नर्स आहेत. त्यांना ते कळल्यावर त्यांनी मला भिंतीजवळ बोलावून घेतलं.

"नर्स नाही हां. लिनन रूम. चादरी, टॉवेल, गाऊन. मोजायचे, घड्या घालायच्या, फाटलेले शिवायचे. बाळंतिणीला मी हातसुद्धा लावला नाही कधी. जे नाही ते सांगत जाऊ नकोस."

त्यांच्या घड्या मात्र बघण्यासारख्या होत्या. वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, त्यांचं एअरिंग कपबोर्ड होतं. इथल्या जुन्या घरांत असतं तसंच: आत गरम पाण्याची तांब्याची टाकी, तिच्या बाजूने आणि वर लाकडी फळ्या, आणि टाकीच्या उबेत कपडे ठेवायची सोय. आंटींच्या त्या कपाटात चादरींच्या कडा एका रेषेत असायच्या. रुग्णालयाने मोडीत काढलेले पांढरे टॉवेल त्यांनी नोकरी सोडताना मागून आणले होते. कोपऱ्यात निळा शिक्का, धुऊन धुऊन पुसट झालेला.

मांजर आलं ते २००४च्या दिवाळीच्या सुमाराला. राखाडी पाठ, रुपेरी पोट, कुणाची होती कोण जाणे. आंटींनी आठ दिवस तिला दाराबाहेर खायला दिलं, नवव्या दिवशी आत घेतलं आणि नाव ठेवलं पापलेट. "रंग बघ ना तिचा. आणि मला इथे ताजं पापलेट मिळत नाही, तेवढीच नावाची तरी चव." मागच्या दाराला तिच्यासाठी एक झडपही बसवून घेतली. पूर्वी तिला पॉपी म्हणायची आणि शाळेतून आली की दप्तर टाकून थेट तिकडे जायची.

जानेवारीच्या शेवटी आंटी मला म्हणाल्या, "पापलेटला दिवस गेलेत."

"व्हेटला दाखवलंत?"

"पोट दिसतंय की. त्याला व्हेट कशाला?"

तरी मी तिला व्हेटकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, फेब्रुवारीच्या मध्याला होईल, दोन दिवस इकडेतिकडे. सोबत एक छापील पत्रकही दिलं, 'तुमच्या मांजरीच्या प्रसूतीची तयारी'. ते पत्रक हातात आलं आणि मला बरं वाटलं. लिहिलेलं काही समोर असलं की माझा जीव थोडा शांत होतो.

आणि त्याच आठवड्यात आंटींना रुग्णालयाचं पत्र आलं. उजव्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्या चौदा महिने यादीत होत्या. जिना चढताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागायचं. आमची घरं एका भिंतीची, त्यामुळे मला ते ऐकू यायचं. तारीख होती पंधरा फेब्रुवारी, आदल्या दिवशी दाखल व्हायचं.

"मी जाणार नाही," आंटी म्हणाल्या.

"आंटी, चौदा महिने थांबलात."

"मग अजून थांबेन. ही आता विणार. परक्या पोटुशी बाईला तरी कुणी असं सोडून जाईल का? ती माझ्या दाराशी आली. तुझ्या नाही, त्या कोपऱ्यावरच्या गोऱ्याच्या नाही, माझ्या."

त्या खरंच नाही म्हणून कळवणार होत्या. फोन हातात घेतलेला मी पाहिला. आणि एकदा नाही म्हटलं की यादीत नाव कुठे जातं ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "मी सांभाळते. माझ्याकडे आणते. शब्द देते."

"तू फार घाबरतेस, आसावरी."

"घाबरणारी माणसं नीट लक्ष ठेवतात."

"ते बघू," त्या म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला.

मी तयारीला लागले. पत्रकात सगळं होतं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, एका बाजूने कापलेलं, शांत आणि थोडी अंधारी जागा, वर्तमानपत्रांचे थर, मऊ टॉवेल, गरम पाण्याची पिशवी, वजनाचा छोटा काटा, व्हेटचा इमर्जन्सी नंबर. मी आमचं जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. व्हॅक्यूम क्लीनर आणि प्रणवचे बूट बाहेर काढले. खोकं आणलं आणि भिंतीवरून आंटींना दाखवायला उचलून धरलं.

त्यांनी तोंड फिरवलं. "मला दाखवू नकोस ते."

"का?"

"आधीपासून जागा मांडू नये. झाल्यावर मांडायची. तुमच्यात नाही असं?"

आमच्यात होतंच. पूर्वीच्या वेळी माझ्या आईने सगळं बाळंतपण होईपर्यंत एक झबलंही विकत आणू दिलं नव्हतं, पाळणा माळ्यावरून खाली काढला नव्हता. जन्मल्यावर पूर्वीला आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं होतं. पण ते नागपूर होतं, आणि ते बाळ होतं.

"आंटी, हे मांजर आहे."

"पोटात पिल्लंच आहेत ना? दगड तर नाहीत."

मग त्यांनी भिंतीला कोपर टेकवून मला सांगितलं. रुग्णालयात बायका यायच्या तेव्हा सोबत पिशवी असायची. विणलेले मोजे, टोपडी, पिवळ्या लोकरीचे कोट. लिनन रूमच्या खिडकीतून येण्याजाण्याचं दार दिसायचं. "काही पिशव्या भरलेल्याच परत जायच्या," आंटी म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं बघितलं मी ते. अव्हिएल झाला तेव्हा मी घरात काडी हलवू दिली नाही. पहिले आठ दिवस तो कपाटाच्या खणात झोपला. झकेरियाचे शर्ट काढून बाजूला ठेवले, बस."

मी खोकं खाली ठेवलं. पण फेकून दिलं नाही.

रविवारी, तेरा तारखेला, आम्ही पापलेटला आमच्याकडे आणलं. सोमवारी सकाळी आंटींना न्यायला टॅक्सी आली. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "झाडांना पाणी घाल. पत्रं उचल. आणि वरची गरम पाण्याची टाकी बंद करू नकोस."

"रिकाम्या घरात टाकी चालू?" माझ्या डोळ्यांपुढे लगेच आग दिसली.

"थंडी किती आहे. पाइप गोठतात. चालू राहू दे."

टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून त्या पुन्हा म्हणाल्या, "टाकी चालू राहू दे हां."

आता मी काय केलं ते लिहिते. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एससी. केलं आहे. नोकरी लग्नानंतर सुटली, पण जंतूंचं भय सुटलं नाही. आमच्या घरी, आईच्या घरी, सासरी, कुणी आजारी असो की बाळंतीण असो, बादलीत दोन झाकणं ते तपकिरी औषध पडतंच, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते. त्याचा वास आला की आमच्या घरातल्या बायकांना वाटतं, आता सगळं ठीक होईल. मी जिन्याखालचं कपाट त्याने दोनदा पुसलं. टॉवेल त्यात रात्रभर भिजवले. खोक्याला आतून स्पंजने पुसून घेतलं. पापलेट येण्याआधी एकदा, आणि आल्यावर तिने तिथे लघवी केली म्हणून पुन्हा.

पापलेट त्या खोक्यात गेली नाही. दाराशी उभी राहायची, नाक वर करायची, शिंकायची आणि परत फिरायची. मी तिला उचलून आत ठेवलं की बाहेर येऊन पंजे चाटत बसायची. मला वाटलं, नवी जागा आहे, सवय होईल. मंगळवारी आंटींचं ऑपरेशन नीट झाल्याचा अव्हिएलचा फोन आला. बुधवारी संध्याकाळी प्रणव कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला तेव्हा त्याच्या पायांतून पापलेट निघून गेली.

"मला वाटलं ती नेहमी बाहेर जाते," प्रणव म्हणाला.

"आंटींच्या घरून जायची. आपल्या घरून नाही. पत्रकात लिहिलंय शेवटच्या आठवड्यात बाहेर सोडू नका म्हणून. मी फ्रिजवर लावलंय ते."

"मी फ्रिज वाचत नाही, आसावरी."

आम्ही टॉर्च घेऊन मागची गल्ली पालथी घातली. बर्फ भुरभुरत होतं. पूर्वी पायजम्यावर कोट घालून दारात उभी होती. "मम्मा, पॉपी थंडीत मरेल का? ती बाहेर बेबी करेल का?" मी तिला सांगितलं, मांजरं हुशार असतात.

गुरुवारी सकाळी मी आंटींच्या घरी गेले. झडप होती, म्हणजे ती आत आली असेल असं मलाही वाटलं होतं. स्वयंपाकघर पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, वर जाऊन पलंगाखाली, कपड्यांच्या कपाटात. हाका मारल्या. काही नाही. जिन्याशी एअरिंग कपबोर्डचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत डोकावले. चादरी, टॉवेल, टाकी. खाली अंधार. टाकीची सगळी ऊब बाहेर चालली आहे, असं मनात आलं आणि मी दार लावून घेतलं. घट्ट लागत नव्हतं म्हणून खांद्याने दाबलं.

घरी आले तर फोन वाजत होता. रुग्णालयातून, आंटी. आवाज औषधाने जड झालेला.

"पापलेट कशी आहे?"

"छान आहे, आंटी."

"जेवली का आज?"

"जेवली. सगळं संपवलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पूर्वी टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खात होती. तिने चमचा खाली ठेवला. "मम्मा, तू लाय केलंस."

दुपारी मी व्हेटकडे फोन केला. तिथल्या नर्सने शांतपणे एकेक विचारलं. ती खोक्यात का जात नव्हती? कशाने पुसलं होतं? मी सांगितलं. ती म्हणाली की पाण्यात पांढरी होणारी ती औषधं मांजरांना विषारी असतात. पंजांना लागलं आणि चाटलं गेलं तर जास्तच. किती चाटलं असेल? मला पापलेट दिसली, आमच्या हॉलमध्ये बसून एकेक बोट वेगळं करून पंजा चाटणारी. मी म्हटलं, माहीत नाही. नर्स म्हणाली, सापडली की लगेच घेऊन या.

ती रात्र मी पायरीवर बसून काढली, मागचं दार उघडं ठेवून. प्रणवने दोनदा येऊन सांगितलं की घर गार पडतंय. तिसऱ्यांदा तो ब्लँकेट घेऊन आला आणि शेजारी बसला.

शुक्रवारी दुपारी दोनला भेटायची वेळ होती. मी डब्यात शिरा घेतला आणि बसने गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. आंटी उशांना टेकून बसल्या होत्या, रुमाल नीट बांधलेला, चेहरा लहान झालेला. मी डबा ठेवला आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"आंटी, पापलेट नाहीये. बुधवारपासून. काल मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तू म्हणालीस सगळं संपवलं. मांजर व्यायला आली की जेवत नाही. एक तर ती व्यायला आली नव्हती, नाहीतर तू खोटं बोलत होतीस. आणि तुझा आवाज वर चढतो." त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला, दोन घोट घेतले. "का गेली?"

मी औषधाचंही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. शेजारच्या पलंगावरची म्हातारी टीव्हीचा आवाज वाढवत होती.

"टाकी चालू आहे ना?" आंटींनी विचारलं.

"हो. तुम्ही दोनदा सांगितलंत."

"आणि वरचं कपाट? दार चार बोटं उघडं होतं ना?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"ते मी लावलं, आंटी. काल सकाळी. आत बघितलं होतं, चादरी होत्या नुसत्या. खांद्याने दाबून लावलं."

"खालच्या फळीखाली बघितलंस? टाकीच्या मागं?"

"नाही."

"महिनाभर ती तिथंच जाऊन बसते. मला दिसत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?" मी जोरात बोलले असेन, कारण म्हातारीने वळून पाहिलं.

"सांगितलं असतं तर ती तयारी झाली असती. दार उघडं राहिलं तर राहिलं. मी काही मांडलं नव्हतं." त्यांचा हात चादरीच्या काठावरून फिरत होता, काठ सरळ करत. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चूक झाली माझी. तुला सांगायला हवं होतं. जा आता. आणि काळोख पडायच्या आत फोन कर. शब्बाथ लागला की मी उचलणार नाही. उद्या रात्रीपर्यंत मला तसंच पडून राहावं लागेल."

घड्याळात पावणेतीन झाले होते. लीड्समध्ये तेव्हा पाचनंतर लगेच अंधार पडतो. बस हेडरोच्या रस्त्यावर तासभर अडकली. मी हिशेब करत होते: काल सकाळी साडेआठ ते आज साडेतीन, म्हणजे एकतीस तास, पाण्याविना. आत असली तर एकतीस तास कोंडलेली, नसली तर एकतीस तास बाहेर, तिला हवी होती त्या जागेचं दार मी लावलेलं. दोन्हींपैकी कशाची प्रार्थना करावी ते समजत नव्हतं. उतरून धावत गेले. किल्ली कुलपात फिरेना, मग लक्षात आलं की मी आमच्या घराची लावतेय.

जिना चढून दाराशी गेले. कान लावला. आधी टाकीचा आवाज, आणि मग अगदी बारीक, शिटीसारखी किरकिर. मी दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसले.

टाकीच्या मागे, खालच्या फळीखाली, पापलेट आडवी पडली होती. वरच्या फळीवरची एक चादर तिने ओढून खाली घेतली होती. तिच्या पोटाशी तीन पिल्लं, उंदरांएवढी, चिकटून पीत होती. चौथं थोडं बाजूला होतं. ती त्याला चाटत नव्हती.

मी आधी तिला पाणी आणून दिलं. ती न थांबता प्यायली आणि मध्येच माझा अंगठा चाटला. मग मी ते चौथं उचललं. गार होतं. पत्रकात होतं की टॉवेलने चोळा, डोकं खाली करून धरा. मी फळीवरचा शिक्क्याचा पांढरा टॉवेल घेतला आणि चोळत राहिले. माझ्या घड्याळात पंधरा मिनिटं झाली तरी चोळत होते. ते तसंच राहिलं.

खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा लागला. मी आंटींच्या फोनवरून वॉर्डला फोन केला.

"आहे," मी म्हटलं. "टाकीमागे आहे. बरी आहे. तीन पिल्लं आहेत, पितायत."

आंटींचा श्वास ऐकू आला.

"आणि एक गेलंय, आंटी. चौथं." मला वाटत होतं हे सांगू नये, निदान आज नको. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. "माझ्यामुळे असेल. औषधामुळे, नाहीतर दारामुळे."

"पुसलंस का त्याला?"

"हो."

"कशात गुंडाळलंस?"

"तुमच्या टॉवेलमध्ये. पांढऱ्या."

त्या म्हणाल्या, "आमच्या लिनन रूममध्ये अशांची वेगळी फळी होती. लहान चादरी. नर्स येऊन नुसती बोट दाखवायची, बोलायची नाही. त्या चादरींना मी स्वतः इस्त्री करायचे. दुसऱ्या कुणाला करू दिली नाही." पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. "बरं केलंस तू. आता दिवा लागायची वेळ झाली. ठेवते."

व्हेट घरी येऊन पापलेटला तपासून गेला. चौथं माझ्यामुळे गेलं का, हे त्याला मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. तो म्हणाला, चारांत एखादं असं जातंच, कारण सांगता येत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, तो मला बरं वाटावं म्हणून सांगतोय का ते कळायला. कळलं नाही. अजूनही नाही.

पिल्लाला आम्ही आंटींच्या अंगणात, त्यांच्या लव्हेंडरखाली पुरलं. पूर्वीने विचारलं, त्याचं नाव काय होतं. प्रणव म्हणाला, नाव अजून ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, मग आपण हाक कशी मारायची.

आंटी नवव्या दिवशी दोन काठ्यांवर घरी आल्या. अव्हिएल सोबत होता, आईने लंडनला यावं म्हणून टॅक्सीपासून जिन्यापर्यंत बोलत होता. त्या "बघू, बघू" म्हणत एकेक पायरी चढल्या आणि सरळ कपाटापाशी थांबल्या. खुर्ची मागून तिथे बसल्या. पापलेट बाहेर येऊन त्यांच्या काठीला अंग घासून परत गेली. आंटींनी मग पिल्लांसाठी खण मागितला. त्यांच्या टेबलाचा खालचा खण मीच ओढून काढला. तेव्हा कुठे त्यांनी टॉवेल अंथरायला सांगितले, आणि ते अंथरताना माझी चूक काढली, काठ आतल्या बाजूला हवा म्हणून.

जाताना मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती काठीच्या टोकाने माझ्याकडे सरकवली.

"राहू दे तुझ्याकडे."

"आंटी, मी इतका घोळ घातला."

"घातलास. पण सांगितलंस. आणि पुढच्या वेळी मी तुला सांगेन. झालं की नाही?"

एप्रिलमध्ये एक पिल्लू आमच्याकडे आलं. पूर्वीने नाव ठेवलं बोंबील. आज संध्याकाळपासून ते दोनदा शिंकलं आहे. प्रणव आणि पूर्वी झोपल्यावर मी त्याची वाटी धुतली, नुसत्या गरम पाण्याने. तपकिरी बाटली फेकलेली नाही. माळ्यावर ठेवली आहे, मागच्या बाजूला.

भिंतीपलीकडे आंटी आता वर चालल्या आहेत. अव्हिएल त्यांचा पलंग खाली हलवा म्हणतो, त्या ऐकत नाहीत. काठी टेकते, मग पाय, मग काठी. मध्ये थांबणं बंद झालं आहे. तेरा पायऱ्या आहेत. मी पेन ठेवून मोजते आहे. अकरा झाल्या.